गाव सोडताना होडीचं काय करायचं: ठेवायची, वाट्याने द्यायची की विकायची?

कोकण किनाऱ्यावरून मुंबई, पुणे किंवा गोव्याकडे बिऱ्हाड हलवताना बाकीचे प्रश्न लवकर सुटतात. घराची किल्ली शेजारी ठेवता येते. आंब्याची कलमं कराराने देता येतात. जमीन तर सातबाऱ्यावर नाव असेपर्यंत जागची हलत नाही. होडीचं तसं नाही. काही महिने कोणी हात लावला नाही की इंजिन जाम होतं, उन्हात लाकडाच्या सांध्यांत फटी पडतात, आणि एक पावसाळा उघड्यावर गेला तर पुढच्या हंगामात तिला पाण्यात लोटण्याआधी मोठा खर्च करावा लागतो. दोन-तीन पावसाळे असे गेले की माडाखाली जे उरतं ते घ्यायला गिऱ्हाईकही फिरकत नाही. असे सांगाडे बंदरोबंदरी दिसतात. त्यांतले बरेचसे मालकाने प्रेमापोटीच ठेवलेले असतात, आणि म्हणूनच ते पाहवत नाहीत.

हा लेख प्रामुख्याने छोट्या होडीसाठी आहे: फायबरची किंवा लाकडी, मागे आउटबोर्ड इंजिन लावलेली, घरच्या दोन-तीन माणसांनी चालवलेली. मोठ्या ट्रॉलरचं किंवा पर्ससीन नौकेचं (मासळीच्या थव्याला मोठ्या जाळ्याने वेढा घालून पकडणारी नौका) कर्ज आणि परवाने जास्त गुंतागुंतीचे असतात. जिथे फरक पडतो तिथे ते सांगितलं आहे.

पहिला प्रश्न: बघतलो कोण?

मालवणात होडी ठेवायचा विषय निघाला की जुनी माणसं एवढंच विचारतात: "होडी ठेव, पण बघतलो कोण?" म्हणजे सांभाळणार कोण? माझ्या मते सगळा निर्णय या एका प्रश्नावर उभा आहे. किंमत, भावना, पुढे कधी परत येण्याचा बेत या सगळ्या गोष्टी त्यानंतर.

उत्तर एका माणसाच्या नावाने द्या. "भाऊबंद आहेत", "वाडीतले सगळे आपलेच" ही उत्तरं चालणार नाहीत. वादळाचा इशारा आला, रात्री अकरा वाजता होडी आत ओढायची आहे, तर उठून जाणारा कोण? नांगराचा दोर झिजलाय हे कोणाच्या लक्षात येईल? इंजिन महिन्यातून दोनदा सुरू करून गोड्या पाण्याने कोण धुईल?

इशारे फक्त पावसाळ्यात येतात असं समजू नका. फयान नोव्हेंबर २००९ मध्ये आलं, क्यार ऑक्टोबर २०१९ मध्ये, निसर्ग ३ जून २०२० रोजी आणि तौक्ते मे २०२१ च्या मध्यावर. यांतली दोन वादळं ऐन मासेमारीच्या हंगामातली. तौक्तेच्या वेळी बऱ्याच होड्या पावसाळ्यासाठी वर ओढायच्या बाकी होत्या. अशा वेळी मालक पुण्यात बसून फोन करत राहतो आणि किनाऱ्यावरचा प्रत्येक जण आधी स्वतःची होडी वाचवतो. त्यात त्यांचा काही दोष नाही.

म्हणून ज्या माणसाचं नाव तुमच्या मनात आहे त्याच्याशी समोरासमोर बोला. त्याची स्वतःची होडी आहे का, हे विचारात घ्या. असेल तर वादळात तुमची होडी दुसऱ्या क्रमांकावर जाईल. होडी नसलेला पण समुद्र जाणणारा माणूस, म्हणजे पूर्वी खलाशी असलेला काका, नुकताच हाताशी आलेला पुतण्या किंवा तुमच्याच होडीवरचा तांडेल (होडी चालवणारा मुख्य खलाशी), हा जास्त भरवशाचा. असं एकही नाव सुचत नसेल तर "विकायची तर" या भागाकडे सरळ जा. मधलं वाचण्यात वेळ घालवू नका.

एक गोष्ट मात्र त्याआधी. वडील किंवा आजोबा गावातच राहणार असतील तर त्यांना विचारल्याशिवाय काही ठरवू नका. ते समुद्रात जात नसले तरी संध्याकाळी होडीपाशी जाऊन बसतात, जाळं विणतात, चार माणसं त्यांना नाखवा, म्हणजे होडीचा मालक, म्हणून विचारायला येतात. होडी गेली की हे सगळं जातं, आणि तुम्हीही गावात नसता. त्यांच्या मच्छीमार सहकारी संस्थेतल्या सभासदत्वावर होडी विकल्याने काही परिणाम होतो का, हे संस्थेच्या सचिवांना आधीच विचारून ठेवा.

किती दिवसांसाठी जाताय

एक हंगाम चुकणार असेल, म्हणजे वर्षभराची नोकरी किंवा घरातलं आजारपण, तर विकू नका. घाईत विकलेली होडी त्याच पैशांत परत उभी राहत नाही. दोन-तीन वर्षं असतील तर वाट्याने देण्याचा, म्हणजे दुसऱ्याला चालवायला देऊन मिळकतीत वाटा घेण्याचा विचार करा. मुलं शहरातल्या शाळेत घातली, घर तिकडेच घेतलं, तर मनाशी खरं बोला: सुट्टीत येऊन चार दिवस गरवायला (गळाने मासे पकडायला) जाण्यासाठी अख्खी होडी वर्षभर सांभाळणं परवडत नाही. त्या चार दिवसांसाठी चुलतभावाची होडी मिळते.

होडीची तब्येत तपासा, आणि ती लिहून काढा

ठेवायची असो की विकायची, आधी तिची आजची स्थिती कागदावर हवी. जवळच्या माणसाच्या डोळ्याला आपल्या होडीचे दोष दिसत नाहीत. म्हणून तपासणीला दुसऱ्या वाडीतला, होडी बांधणारा किंवा दुरुस्त करणारा कारागीर आणा. त्याला त्याच्या दिवसाची मजुरी द्या.

फायबरच्या होडीत पहिली जागा म्हणजे इंजिन बसतं ती मागची फळी. बऱ्याच होड्यांमध्ये फायबरच्या आत प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकांतून पाणी शिरलं की ते आतून कुजतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. इंजिनाला वर-खाली हलवून पाहा. फळी सोबत हलत असेल किंवा बोल्टभोवती बारीक तडे असतील तर काम निघालं आहे. मग सगळ्या अंगावर लाकडी हातोडीने हलकं ठोकत जा. घट्ट जागी आवाज खणखणीत येतो. थर सुटला असेल तिथे तो बद्द होतो. पाण्याखालच्या भागावर फोड दिसतात का पाहा. एखादा फोडला आणि आतून आंबट वासाचं पाणी आलं तर पाणी फायबरच्या थरांत मुरलंय. वरच्या भागाचा रंग हाताला खडूसारखा लागणं हा उन्हाचा परिणाम. ते दिसायला वाईट असलं तरी गंभीर नाही.

लाकडी होडीचं पेचकसाने कळतं. तळाकडच्या फळ्या, नाळेचा (पुढच्या टोकाचा) खालचा भाग, आणि आत पावसाचं गोडं पाणी साचतं त्या जागा टोचून पाहा. खाऱ्या पाण्याने लाकूड तितकं कुजत नाही, जितकं साचलेल्या गोड्या पाण्याने कुजतं. कायम पाण्यात असलेल्या लाकडाला आतून पोखरणारा किडा लागतो. भोक बाहेरून टाचणीच्या डोक्याएवढं आणि आत बोटभर पोकळी. खिळ्यांभोवती गंज उतरला असेल आणि सांध्यांतला काथ्या किंवा कापूस सुटत असेल तर त्याचा खर्च लिहून घ्या.

मालक दूर जाणार असेल तर लाकडी होडी ठेवणं फायबरपेक्षा कठीण आहे, हे इथेच सांगतो. पाण्यात ठेवली तर किडा, उन्हात ठेवली तर फटी. तिला तेलपाणी, ओलावा आणि सावली यांचा मेळ घालणारा हात सतत लागतो. फायबर थोडं दुर्लक्ष सोसतं.

इंजिन थंड असताना सुरू करून पाहा. गरम करून ठेवलेलं इंजिन कोणालाही लवकर सुरू होतं. मागून पडणारी पाण्याची धार बारीक असेल तर आतलं पाणी खेचणारं रबरी चक्र झिजलंय किंवा वाट मिठाने बुजलीय. खालचं गियर ऑइल काढा. ते दुधासारखं पांढरट असेल तर सील गेलंय आणि पाणी आत जातंय. हे काम लगेच केलं तर थोडक्यात आटपतं. तसंच ठेवलं तर गियर जातात.

जाळी, दोर, बोये, शिसं, नांगर, बर्फाची पेटी, लाइफ जॅकेट, जीपीएस, वायरलेस यांची यादी वेगळी करा. छोट्या होडीत जाळ्यांची किंमत कधी कधी होडीच्या बरोबरीला जाते. बांधून ठेवलेली जाळी उंदीर कुरतडतात आणि नायलॉन उन्हाने कमजोर होतं. त्यामुळे होडी ठेवायची ठरली तरी वापरात नसलेली जाळी विकून टाकणं बहुतेक वेळा शहाणपणाचं असतं.

कागद: नाव कोणाचं, बोजा कोणाचा

मासेमारी होडीच्या बाबतीत दोन गोष्टी लोक एक समजतात. नोंदणी वेगळी आणि मासेमारीचा परवाना वेगळा. नोंदणी म्हणजे होडीची ओळख आणि मालकी: आयएनडी-एमएच अशा अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक, जो आता केंद्राच्या रिअलक्राफ्ट या ऑनलाइन व्यवस्थेत असतो. परवाना म्हणजे त्या होडीने कोणत्या पद्धतीची मासेमारी करायची याची मुभा. ती महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खाली मिळते. मालक बदलला म्हणून परवाना आपोआप नव्या मालकाकडे जात नाही. जिल्ह्याच्या सहाय्यक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात दोन्हींचं काम वेगवेगळं विचारून घ्या.

नोंदणीवर कोणाचं नाव आहे ते काढून पाहा. वारलेल्या वडिलांचं किंवा आजोबांचं नाव तसंच चालू असलेल्या होड्या पुष्कळ आहेत. अशी होडी विकता येत नाही आणि विम्याचा दावाही अडकतो. आधी वारसांची संमती घेऊन नाव वर्ग करा. गाव सोडण्याच्या धांदलीत हे काम होत नाही. ते सहा महिने आधी हातात घ्यावं. बहिणींची संमतीही लागते. ती लेखी घ्या.

मग बोजा. बँकेचं, पतसंस्थेचं, किसान क्रेडिट कार्डाचं किंवा संस्थेमार्फत राष्ट्रीय सहकार विकास निगमचं कर्ज असेल तर होडी तारण असू शकते. थकबाकी नसल्याचा दाखला मिळेपर्यंत सौद्याची भाषा करू नका. मोठ्या नौकांत हाच मुद्दा सगळ्यात जास्त अडतो.

परवान्याची स्वतःची किंमत असते, हेही ध्यानात ठेवा. नवी मासेमारी नौका बांधायची तर खात्याची परवानगी आधी लागते. पर्ससीनच्या बाबतीत तर ५ फेब्रुवारी २०१६ च्या राज्याच्या आदेशानंतर नवे परवाने थांबले. आज होडी विकून दहा वर्षांनी परत यायचं म्हटलं तर होडी मिळेल, पण त्या वेळी परवाना कोणत्या अटींवर मिळेल हे तुमच्या हातात नसेल. परत येण्याची खरी शक्यता असणाऱ्यांसाठी होडी ठेवण्याच्या बाजूचा हा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे.

एका वर्षाचा हिशेब मांडा

आकडे प्रत्येक बंदरात वेगळे. खालचे आकडे फक्त रीत कळावी म्हणून घेतले आहेत. त्यांच्या जागी तुमचे घाला.

समजा होडी, इंजिन आणि जाळी मिळून आज ४ लाखांना जाईल. ठेवली तर वर्षाला ओढणं, शाकारणी (पावसाळ्यासाठी वरून झाकणं) आणि पुन्हा लोटणं याचे १२ हजार, डागडुजी आणि रंगाचे १५ हजार, इंजिनाचे ८ हजार, विमा, परवाना आणि संस्थेचे मिळून ७ हजार, बघणाऱ्या माणसाचे १८ हजार, आणि तुमच्या गावच्या दोन फेऱ्यांचे १० हजार. झाले ७० हजार. होडी-इंजिनाची किंमत वर्षाला ३० हजारांनी उतरली असं धरा. शिवाय ४ लाख बँकेत ठेवले असते तर साडेसहा टक्क्यांनी २६ हजार व्याज आलं असतं. एकूण १ लाख २६ हजार.

हंगामाचे दहा महिने धरले तर महिन्याला १२,६०० रुपये होडीचा वाटा म्हणून तुमच्या हातात आले तरच ती आपला भार उचलते. तितके येणार नसतील आणि तरीही ठेवायची असेल तर जरूर ठेवा. फक्त घरातल्या सगळ्यांना माहीत असू दे की दर वर्षी एवढे पैसे आपण होडीच्या मायेसाठी देतोय. बायकोला हा आकडा तिसऱ्या वर्षी कळणं बरं नव्हे.

या हिशेबात बहुतेक जण दोन ओळी गाळतात: बघणाऱ्याचा मोबदला आणि स्वतःच्या फेऱ्या. "आपलाच माणूस आहे, पैसे कशाला घेईल" असं म्हणून मोबदला ठरवत नाहीत. मग काम झालं नाही तर विचारायचा हक्कही उरत नाही. रक्कम थोडी असो, पण ठरलेली असू दे आणि दर महिन्याला पोचू दे.

ठेवायची तर: पहिला पावसाळा

पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंद असते. त्या वर्षीच्या शासन आदेशात तारखा पाहून घ्याव्यात. होडी वर घेण्याचं काम मात्र जूनची वाट पाहत ठेवू नका. मालक गावात नसेल तर मेच्या पहिल्या पंधरवड्यात, उधाणाची भरती साधून होडी वर घ्यायची. शेवटच्या आठवड्यात ओढायला माणसं मिळत नाहीत; शिवाय लवकर वर घेतली तर मे महिन्यातली वादळंही टळतात.

जागा भरतीच्या सर्वांत वरच्या रेषेपलीकडे हवी. माडाच्या थेट खाली नको. नारळ आणि झावळी पडून फायबर फुटतं. छोटी फायबर होडी चार माणसांच्या मदतीने पालथी घालून ओंडक्यांवर ठेवणं सगळ्यात चांगलं. पालथी घालता येत नसेल तर तळाचं बूच काढून ठेवा आणि पुढची बाजू थोडी उंच करा. बूच लावलेली होडी एका रात्रीच्या पावसात भरते आणि त्या वजनाने टेकूच्या जागी तळ फुटतो.

शाकारणी झापांनी करा की ताडपत्रीने, खालून वारा खेळला पाहिजे. ताडपत्री होडीला चिकटवून गच्च बांधली तर आत दमट राहून लाकूड कुजतं. मधे बांबूचा आडा घालून उतार द्या. लाकडी होडीला बाहेरून तेलाचा हात द्यायचा तो शाकारणीआधी, कडक उन्हात.

आउटबोर्ड इंजिन किनाऱ्यावर ठेवू नका. गोड्या पाण्यात पंधरा मिनिटं चालवा, इंधनाची नळी काढून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत चालू द्या, प्लग काढून थोडं ऑइल सोडा, दोर हळूच ओढून ते पसरवा, गियर ऑइल बदला, आणि घरात कोरड्या जागी उभं टांगा. टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नका. इंजिनाचा आणि होडीचा क्रमांक दिसेल असे फोटो तारखेसह तुमच्याकडे हवेत.

विमा कंपनीला लेखी कळवा की होडी वर घेतलेली आहे, मालक अमुक ठिकाणी राहतो, आणि अमुक माणूस तिची देखभाल करतो. विम्याच्या कागदात उभ्या होडीसाठी काय अटी आहेत त्या दावा करण्याच्या वेळी शोधायच्या नसतात.

वाट्याने देताना

हा मधला मार्ग बऱ्याच घरांना लागू पडतो, आणि भांडणंही सगळ्यात जास्त इथेच होतात. किनाऱ्यावर वाट्याची पद्धत जुनी आहे: इंधन, बर्फ, रेशन वजा करून उरलेल्यातून होडी-जाळ्याचा वाटा आणि माणसांचा वाटा. प्रमाण तुमच्या बंदरात जे चालतं तेच धरा. मालक दूर असल्याने फरक पडतो तो हिशेब दिसण्याचा. मासळीच्या लिलावाची पट्टी (विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी) दर फेरीला फोटो काढून पाठवायची, ही अट पहिल्या दिवशीच घाला. नंतर घातली तर ती अविश्वास वाटते.

साध्या भाषेत एक करार लिहा आणि त्यात निदान एवढं असू द्या: किती रकमेपर्यंतची दुरुस्ती चालवणाऱ्याने न विचारता करायची आणि त्यापुढची कोणाला विचारून; इंजिन उघडावं लागलं तर खर्च कोणाचा; जाळं खडकावर फाटलं किंवा कोणाच्या नौकेने तोडलं तर काय; पावसाळ्यातली शाकारणी कोणाकडे; करार कोणत्या तारखेला संपतो. ती तारीख ३१ मे ठेवावी. हंगामाच्या मध्यात होडी परत मागणं कोणालाच सोयीचं नसतं.

खलाशांचा विमा हा मुद्दा कराराबाहेर राहू देऊ नका. समुद्रात माणसाला इजा झाली तर त्याच्या घरचे नोंदणीवरच्या मालकाकडेच येतात, आणि यावंच. होडीवर कोण जातंय, त्यांची ओळखपत्रं आणि अपघात विमा चालू आहे का, हे दर हंगामाच्या सुरुवातीला तपासा.

दुसरा धोका कायद्याचा. मासळी खेचायला एलईडी दिवे लावून होणाऱ्या मासेमारीवर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली, आणि राज्याने २०२१ मध्ये १९८१ च्या कायद्यात दुरुस्ती करून दंड पुष्कळ वाढवले. तुम्ही ठाण्यात आहात आणि तुमची होडी रात्री दिवे लावून उभी आहे, तर नोटीस तुमच्या नावाने निघते. पारंपरिक मच्छीमारांचं पोट त्या दिव्यांनी मारलं जातं, म्हणून दंड नसता तरी ते करू देऊ नये. करारात स्पष्ट लिहा: असं आढळलं तर होडी त्याच दिवशी परत.

होडी पर्यटकांना फिरवायला द्यावी, हा विचार मालवण-तारकर्लीच्या बाजूला लगेच सुचतो. मासेमारीच्या परवान्यावर ते करता येत नाही. प्रवासी आणि पर्यटक नौकांचा कारभार महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. तिथे होडीची तपासणी, माणसांची मर्यादा, लाइफ जॅकेट, विमा हे सगळं वेगळं असतं, आणि मे अखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत तो धंदाही बंद असतो. मालक जागेवर नसताना दुसऱ्यांच्या लेकरांना समुद्रात नेण्याची जबाबदारी घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

सोबत न्यायची तर

थोडक्यात सांगतो, कारण फार थोड्यांना हे जमतं. नव्या गावात होडी लावायची जागा आहे का आणि तिथले मच्छीमार व संस्था तुम्हाला सामावून घेतील का, हे आधी. गोव्यात जाणार असाल तर राज्य बदलतं आणि परवाना नव्याने घ्यावा लागतो. रस्त्याने न्यायची असेल तर रुंदी मोजा: वाहनाची रुंदी साधारणपणे २.६ मीटरपर्यंत चालते, त्याबाहेर माल जात असेल तर वेगळी परवानगी लागते. समुद्रमार्गे न्यायची तर ऑक्टोबर ते फेब्रुवारीत, दिवसा, बंदर धरत, आणि सोबत दुसरी होडी घेऊन. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये राहायला जाणाऱ्याने हा पर्याय सोडून द्यावा.

विकायची तर

होडी चालती असताना विका. पाण्यात उभी, इंजिन पहिल्या-दुसऱ्या दोराला सुरू होणारी, आदल्या दिवशी मासळी आणलेली होडी आपली किंमत स्वतः सांगते. शाकारलेल्या होडीखाली गिऱ्हाईक वाकून बघतं आणि शंकेचे पैसे आधीच वजा करतं. जूनमध्ये गाव सोडायचं असेल तर सौदा जानेवारी ते मार्चमध्ये व्हावा. तो काळ चुकला तर पुढची बरी वेळ जुलैची. नारळी पौर्णिमेआधी नव्या हंगामाची तयारी करणारे तेव्हा होडी शोधत असतात.

विकण्याआधी नवा रंग मारू नका. ताज्या रंगाखाली काय झाकलंय, हाच जाणत्याचा पहिला प्रश्न असतो. त्यापेक्षा कारागिराने लिहून दिलेली यादी दाखवा, दोषांसकट. सील, रबरी चक्र, प्लग अशी छोटी कामं करून घ्या. मागच्या फळीसारखं मोठं काम असेल तर ते न करता किंमत कमी करा. नव्या मालकाला ते आपल्या कारागिराकडून करून घ्यायचं असतं.

किंमत काढायला आसपासच्या दोन-तीन बंदरांत गेल्या वर्षभरात तशा होड्या प्रत्यक्ष कितीला गेल्या ते विचारा. सांगितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत फरक असतो. होडी, इंजिन आणि जाळी तिघांची किंमत वेगळी लिहा. कधी कधी इंजिनाला एक गिऱ्हाईक आणि होडीला दुसरं मिळून जास्त पैसे येतात.

गिऱ्हाईक निवडताना एक विनंती. तुमच्या होडीवर वर्षानुवर्षं काम केलेला तांडेल किंवा खलाशी असेल तर पहिली विचारणा त्याला करा. त्याच्याकडे एकरकमी पैसे नसतात, पण त्याला होडी ठाऊक असते आणि तो तुम्हाला. निम्मी रक्कम आधी आणि उरलेली दोन हंगामांत, असं लेखी ठरवता येतं. हप्त्यांनी देताना नोंदणी वर्ग कधी होणार ते मात्र पहिल्याच कागदात लिहा.

इसार घेतला की इसारपावती करा: होडीचा क्रमांक, इंजिनाचा क्रमांक, सोबत जाणाऱ्या वस्तूंची यादी, ठरलेली रक्कम, उरलेल्या पैशांची तारीख. पैसे बँकेतून घ्या. मग दोघांनी मिळून मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन हस्तांतरणाचा अर्ज द्या. "कागद नंतर करू" या शब्दावर होडी देऊ नका. नाव तुमचं आणि होडी दुसऱ्याच्या हातात, ही अवस्था एक दिवससुद्धा बरी नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्लेखोरांनी 'कुबेर' ही गुजरातची मासेमारी नौका बळकावून वापरली. तेव्हापासून समुद्रात कोणती नौका कोणाची, याकडे यंत्रणांचं बारीक लक्ष असतं. ट्रान्सपॉन्डर (नौका कुठे आहे ते कळवणारं यंत्र) बसवलेला असेल तर तो कोणाच्या नावावर नोंदला आहे तेही बदलून घ्या. डिझेल इंजिन असेल तर संस्थेतला डिझेल परताव्याचा (डिझेलवरच्या कराची परत मिळणारी रक्कम) हिशेब पूर्ण करा, कारण जुना परतावा कोणाला मिळणार यावरून नंतर कटुता येते. किनारी पोलीस ठाण्याला विक्रीची एक प्रत द्या.

होडी सोपवण्याच्या दिवशी नव्या मालकाबरोबर एक फेरी मारा. ती कोणत्या बाजूला कलते, किती वजनानंतर नाळ दबते, ओहोटीला खाडीच्या तोंडाशी कशी आत घ्यायची, हे कोणत्याच कागदावर नसतं. देवाची तसबीर आणि नारळ उतरवून घ्यायचा की तिच्यावरच ठेवायचा, हेही तेव्हाच बोलून घ्या. नाव तेच ठेवणार का, हे विचारायला संकोच करू नका.

सगळ्या कागदांच्या प्रती, इसारपावती आणि बँकेची नोंद शहरातल्या घरी एका फाइलमध्ये ठेवा. नव्या मालकाच्या नावाचा नोंदणी दाखला तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहीपर्यंत विमा बंद करू नका.